परभणीत बसून फिक्श्चर डिझाइनचं फ्रीलान्स काम: लिंक्डइन नेमकं कुठे कामाला येतं

एका वाचक मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळूजच्या एका व्हेंडर कंपनीत चार वर्षं वेल्डिंग फिक्श्चर (वेल्ड करताना पार्ट जागच्या जागी धरून ठेवणारी चौकट) आणि चेकिंग गेज (पार्ट मापात आहे का ते तपासायचं साधन) यांचं डिझाइन केलं. घरच्या अडचणीमुळे नोकरी सोडून परभणीला परत यावं लागलं. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी लावून बरेच महिने झाले, रोज अर्ज चालू आहेत, पण फ्रीलान्स किंवा काँट्रॅक्टचं एकही काम हाती आलेलं नाही. परभणीहून हे जमतं का, की पुणे गाठणं हाच मार्ग?

जमतं. मी दहा-बारा वर्षं संभाजीनगरातून हेच करतोय. काम जास्त झालं की मी ज्यांना देतो, त्यांतली काही मुलं-मुली जालन्यात, लातुरात, अंबाजोगाईत घरी बसून काम करतात. पण तुम्ही ज्या दारावर थाप मारताय, ते दार नोकरीचं आहे. फ्रीलान्स काम त्या दारातून बाहेर येतच नाही.

हे काम निघतं कसं, ते आधी बघा. एखाद्या कंपनीला नवा पार्ट मिळतो. पीपीएपीची, म्हणजे तो पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची तारीख ठरलेली असते. टूलरूममध्ये, म्हणजे डाय-फिक्श्चर बनवणाऱ्या विभागात दोनच डिझायनर, दोघांच्याही हातात आधीची कामं. टूलरूमचा किंवा एनपीडीचा (नवे पार्ट विकसित करणाऱ्या विभागाचा) माणूस अशा वेळी एचआरकडे जात नाही. जागा मंजूर करून घ्यायची, जाहिरात द्यायची, मुलाखती घ्यायच्या, एवढा वेळ त्याच्याकडे नसतो. तो ओळखीच्या दोघांना फोन करतो, ‘फिक्श्चरवाला कुणी मोकळा आहे का?’ समोरून नाव आलं की ते लिंक्डइनवर टाकून बघतो. अर्ध्या मिनिटात त्याला कळायला हवं की या मुलीने आपल्यासारख्याच पार्टवर काम केलंय. तुमचं प्रोफाइल या अर्ध्या मिनिटासाठी आहे, आणि बाकीची खटपट तुमचं नाव त्या फोनवर निघावं यासाठी.

त्याहूनही चांगलं गिऱ्हाईक म्हणजे फिक्श्चर बनवणारी छोटी वर्कशॉप. वाळूज, चिकलठाणा, भोसरी, चाकण इथे पाच-सात मशीनवर चालणारी अशी कितीतरी आहेत. त्यांच्याकडे व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) असते, हाताशी चांगला फिटर असतो, पण कायमचा डिझायनर पोसणं परवडत नाही. ऑर्डर आली की डिझाइन बाहेरून करून घ्यायचं, हा त्यांचा नेहमीचा रिवाज. निर्णय मालक स्वतः घेतो आणि त्याच दिवशी घेतो. मोठ्या कंपनीचं नाव प्रोफाइलवर शोभून दिसतं हे खरं, पण पहिली दोन वर्षं तुम्हाला पोसतील ती हीच वर्कशॉप.

आता प्रोफाइल. हिरवी पट्टी आजच काढा. ती नोकरी शोधणाऱ्यासाठी आहे, आणि ज्याला बाहेरून काम करून घ्यायचंय त्याला वाटतं, ही बाई उद्या नोकरी मिळाली की माझं अर्धं काम टाकून जाईल. त्याऐवजी लिंक्डइनवर सेवा देत असल्याचा वेगळा विभाग चालू करता येतो. तो मोफत आहे आणि त्यात तुम्ही कोणत्या सेवा देता ते निवडायचं असतं. तिथे दहा गोष्टींवर टिचक्या मारू नका.

हेडलाइनला २२० अक्षरांची जागा मिळते. बहुतेक जण तिथे ‘मेकॅनिकल इंजिनिअर, सीकिंग न्यू ऑपॉर्च्युनिटीज’ लिहून ती वाया घालवतात. तुमची हेडलाइन अशी असू दे: ‘वेल्डिंग फिक्श्चर अँड चेकिंग गेज डिझाइन, शीट मेटल पार्ट्स, थ्रीडी ते शॉप ड्रॉइंग, फ्रीलान्स’. हे इंग्रजी लिपीत लिहा, कारण शोधणारा तेच शब्द टाकून शोधतो. ‘कॅड डिझायनर’ म्हणून शोधलं तर हजारोंच्या गर्दीत तुम्ही दिसणारच नाही. ‘वेल्डिंग फिक्श्चर’ म्हणून शोधलं तर गर्दी एकदम विरळ होते. आपण एवढंच लिहिलं तर बाकीची कामं हातची जातील, ही भीती सगळ्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. फिक्श्चरसाठी आत आलेला माणूसच पुढे स्पेशल पर्पज मशीनचं काम विचारतो, पण सगळं करतो म्हणणाऱ्याला कुणी काहीच विचारत नाही.

गावाचं नाव लपवू नका. परभणी लिहा आणि पुढे ‘ट्रायलसाठी संभाजीनगर आणि पुण्याला येऊ शकते’ हेही लिहा. वर्कशॉपवाल्याची खरी शंका हीच असते की फिक्श्चर बसलं नाही तर ही बाई येणार का. मोबाइल नंबर मात्र प्रोफाइलवर उघडा ठेवू नका. कामासाठी वेगळा ईमेल काढा, नंबर बोलणं पुढे गेल्यावर द्या. मुलींना नको त्या वेळी नको ते मेसेज येतात, त्यांना उत्तर द्यायची काही गरज नाही. ब्लॉक करून मोकळं व्हायचं.

कामाचे नमुने कसे दाखवायचे, इथे बहुतेकांचं गाडं अडतं. आधीच्या कंपनीची ड्रॉइंग तुमची नाहीत. ती तुम्ही काढली असली तरी नाहीत, आणि त्यावरचा पार्ट तर त्या कंपनीच्या ग्राहकाचा आहे. एक स्क्रीनशॉटसुद्धा टाकू नका. त्यातून भांडण उभं राहतंच, शिवाय बघणारा टूलरूमवाला मनात म्हणतो, आज त्यांची ड्रॉइंग टाकली, उद्या माझी टाकेल. ज्याला काम द्यायचंय तोच इथे मागे सरतो.

यावर उपाय असा. स्वतःच्या मनाने एक पार्ट तयार करा. साधा एल आकाराचा ब्रॅकेट घ्या, दोन मिलिमीटर पत्रा, त्यात दोन भोकं आणि वर वेल्ड करायचा एक नट. त्याचं पूर्ण फिक्श्चर करा आणि ते का तसं केलं हे लिहा. उदाहरणार्थ, दोन भोकांवर पार्ट बसवायचा आहे. नवखा माणूस दोन्हीकडे गोल पिन देतो. पण प्रेसमधून येणाऱ्या पार्टमध्ये भोकांचं अंतर थोडं कमी-जास्त असतंच. दोन्ही पिन गोल असल्या की काही पार्ट बसताना अडकतात, आणि ऑपरेटर हातोडीने ठोकून बसवतो. म्हणून एका भोकात गोल पिन, दुसऱ्यात डायमंड पिन, म्हणजे बाजू तासून सपाट केलेली पिन. डायमंड पिन दोन्ही भोकांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने मोकळी राहते आणि पार्टला फिरण्यापासून मात्र अडवते. तिची सपाट बाजू कुठल्या दिशेला ठेवायची, हे ड्रॉइंगमध्ये दाखवा. मग वेल्डिंग गन त्या नटापर्यंत जाताना पार्ट दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा दांडा आड येतो का, ते सेक्शन (छेद) काढून दाखवा. वेल्ड झाल्यावर पार्ट आक्रसतो, तो पिनवरून सुटणार कसा, तेही दाखवा.

हे एवढं चार पानी पीडीएफ करून प्रोफाइलच्या ‘फीचर्ड’ विभागात लावा. पन्नास सुंदर रेंडरपेक्षा ही चार पानं जास्त काम आणतात, कारण बघणाऱ्याने तो हातोडीचा आवाज स्वतःच्या शॉप फ्लोअरवर ऐकलेला असतो. असे तीन नमुने पुरेत: एक वेल्डिंग फिक्श्चर, एक चेकिंग गेज, आणि एखादं मशिनिंग फिक्श्चर येत असेल तर ते.

आणि जे काढाल ते कायदेशीर सॉफ्टवेअरवर काढा. चोरीच्या कॅड सॉफ्टवेअरवर फ्रीलान्स करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. इंटरनेटला जोडलेलं असं सॉफ्टवेअर स्वतःच कंपनीला खबर देतं आणि मग नोटीस येते. फाइल ज्याच्याकडे गेली तो ग्राहकही अडचणीत येऊ शकतो. फ्यूजन या कॅड सॉफ्टवेअरची मोफत वैयक्तिक आवृत्ती व्यावसायिक कामासाठी नाही, हेही लक्षात असू द्या. फ्रीकॅड मात्र पूर्ण मोफत आहे, त्यावर पैसे घेऊन काम करायला कसलीच आडकाठी नाही, आणि २०२४ साली त्याची १.० आवृत्ती आल्यापासून असेंब्लीचं कामही त्यात नीट होतं. काही ग्राहक त्यांच्या मशीनवर रिमोटने लॉगिन देतात, त्यांचं लायसन्स वापरून काम करायचं. असं मिळालं तर आनंदाने घ्या. डेटा त्यांच्याकडेच राहतो आणि परभणीच्या नेटवरून जड असेंब्ली पाठवायचा त्रासही वाचतो.

आता माणसं शोधणं. माझ्या मते लिंक्डइनचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि तोच सगळ्यात कमी केला जातो. तुमच्या कॉलेजचं पान उघडा, त्यात माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. कोण कुठल्या गावात, कुठल्या कंपनीत, कुठल्या कामावर आहे, हे तिथे गाळून बघता येतं. नांदेडचं गुरू गोविंदसिंगजी कॉलेज असो, संभाजीनगरचं सरकारी इंजिनिअरिंग असो, नाहीतर तुमचं पॉलिटेक्निक, आपल्या भागातली मुलं देशभरच्या टूलरूममध्ये बसलेली आहेत. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूममधून शिकून गेलेल्यांची यादी तर तुमच्या कामासाठी सोन्यासारखी. शोधात ‘टूलरूम’, ‘एनपीडी’, ‘फिक्श्चर’, ‘वेल्ड शॉप’ हे शब्द टाका आणि पदावर नजर ठेवा. एचआर सोडा, डायरेक्टरही सोडा. मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, टूलरूम इनचार्ज, आणि छोट्या वर्कशॉपचा मालक, एवढी माणसं धरा.

त्याच्याही आधी जुने सहकारी. वाळूजमधून बाहेर पडलेला माणूस आज चाकणला, रांजणगावला, गुजरातेत सानंदला नाहीतर तमिळनाडूत होसूरला असतो. ज्याने तुमचं काम डोळ्यांनी पाहिलंय, त्याचा एक शब्द शंभर अनोळखी कनेक्शनला भारी आहे. जुन्या कंपनीशी केलेला करार मात्र एकदा काढून वाचा. त्यांच्या ग्राहकांकडे अमुक काळ जायचं नाही अशी अट असेल तर ती पाळा.

स्थानिक वाट वेगळी आहे. ‘मसिआ’ आणि ‘सीएमआयए’ या आपल्याकडच्या उद्योजकांच्या संघटना. औद्योगिक प्रदर्शन भरलं की स्टॉल लावणाऱ्यांची यादी मिळवा, एक दिवस जाऊन या, आणि ज्याच्याशी बोलणं झालं त्याला संध्याकाळीच लिंक्डइनवर विनंती पाठवा. चेहरा ताजा असतो, विनंती लगेच स्वीकारली जाते.

अनोळखी माणसाला विनंती पाठवताना चिठ्ठी जोडता येते, पण मोफत खात्याला महिन्यात अशा मोजक्याच चिठ्ठ्या मिळतात आणि जागाही जेमतेम दोनशे अक्षरांची. त्या उधळू नका. ‘आय वुड लाइक टू कनेक्ट’ असं लिहून एक घालवण्यापेक्षा बिनचिठ्ठीची विनंती बरी. चिठ्ठी अशी: ‘नमस्कार सर, मी परभणीची. चार वर्षं वाळूजला वेल्डिंग फिक्श्चर डिझाइन केलं, आता फ्रीलान्स करते. आपलं काम याच क्षेत्रातलं आहे, म्हणून जोडून घेऊ इच्छिते.’ बस्स. काम मागायचं नाही.

स्वीकारल्यावर दोन-तीन दिवसांनी पहिला मेसेज. तो साधारण असा लिहा:

‘सर, विनंती स्वीकारल्याबद्दल आभार. शीट मेटल असेंब्लीचं वेल्डिंग फिक्श्चर आणि चेकिंग गेज एवढंच मी करते. कन्सेप्ट, थ्रीडी, शॉप ड्रॉइंग आणि लागणाऱ्या भागांची यादी (बीओएम) देते, ट्रायलला स्वतः येते. सोबत एका नमुन्याचं पीडीएफ आहे, पार्ट माझ्या मनाचा आहे, कुठल्या कंपनीचा नाही. आपल्याकडे डिझाइनचं काम बाहेर देता का? देत नसाल तर या कामासाठी आपल्या टीममध्ये कुणाशी बोलावं, एवढं सांगितलंत तरी मदत होईल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘काम द्या’ म्हटलं की माणूस गप्प बसतो, ‘कुणाशी बोलू’ म्हटलं की मराठी माणूस हमखास नाव सांगतो, आणि ते नाव घेऊन पुढच्याकडे गेलं की तुम्ही अनोळखी राहत नाही. उत्तर आलं नाही तर महिनाभराने एकदा, नव्या नमुन्यासह, आठवण द्या. त्यानंतर पिच्छा सोडा. आठवड्यात दहा-पंधरा माणसं नीट निवडून, प्रत्येकाचं प्रोफाइल वाचून लिहा. शंभर विनंत्या एका दमात पाठवल्या तर लिंक्डइनच तुम्हाला अडवतं.

शोधाच्या चौकटीत ‘फ्रीलान्स फिक्श्चर डिझाइन’ असे शब्द इंग्रजीत टाकून ‘पोस्ट’ निवडा आणि ताज्या आधी लावा. नोकऱ्यांच्या पानावर कामाचा प्रकार ‘काँट्रॅक्ट’ निवडून अलर्ट लावा. त्यात मोठ्या कंपनीत मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची सहा महिन्यांची, वर्षाची कामं येतात, पण ती बहुधा प्लांटवर बसून करायची असतात. तुमच्या परिस्थितीत ती तूर्त बाजूला ठेवा.

अपवर्क, फायव्हर ही फ्रीलान्स कामांची ऑनलाइन दुकानं वेगळी. अपवर्कवर प्रस्ताव पाठवायलाही बहुधा पैसे मोजावे लागतात, आणि मिळालेल्या कामातून दोन्ही कमिशन कापतात. फायव्हरचा वाटा २० टक्के आहे. लोगो, वेबसाइट, भाषांतर अशा कामांना ती बरी. ज्या कामात ट्रायलला उभं राहावं लागतं, त्याला लिंक्डइन आणि ओळख हीच वाट सरस. इतर क्षेत्रातल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की आपल्या घराजवळचे उद्योग आधी बघा. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आणि स्टीलच्या रोलिंग मिल आहेत, लातुरात डाळ मिल आणि तेल मिल आहेत. त्यांना पॅकिंगचं डिझाइन, प्लांटचा लेआउट, माहितीपत्रकं, हिशेबाची कामं लागतातच, आणि तिथली माणसंही लिंक्डइनवर आहेत.

पैशाबद्दल स्पष्ट बोला. भीड ही भिकेची बहीण, आणि आपल्या भागातली मुलं भिडेपोटीच निम्म्या दराने काम करतात. दर असा काढा: महिन्याला हातात ४५ हजार हवेत. महिन्यातले ९० तासच बिलाचे धरा, कारण बाकीचा वेळ कोटेशन, फोन, प्रवास आणि काम शोधण्यात जातो. म्हणजे तासाला ५०० रुपये झाले, त्यावर सॉफ्टवेअर, लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि कर. ग्राहकाला मात्र तासाचा दर सांगू नका, फिक्श्चरचा ठोक आकडा सांगा. पार्टचा डेटा बघितल्याशिवाय तोही सांगू नका.

कोटेशन एक पानी असलं तरी लेखी हवं. काय देणार, किती दिवसांत देणार, किती वेळा बदल करून देणार. या शेवटच्या मुद्द्यावरच सगळी भांडणं होतात. कन्सेप्ट मंजूर होण्याआधी दोनदा बदल धरलेले, मंजुरीनंतर ग्राहकाने पार्टच बदलला तर वेगळे पैसे, असं शब्दांत लिहा. आगाऊ ३० ते ४० टक्के, कन्सेप्ट मंजूर झाल्यावर तेवढेच, उरलेले ड्रॉइंग देताना. मोठी कंपनी ॲडव्हान्स देत नाही, पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) देते. पीओ ईमेलवर आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. ‘तुम्ही सुरू करा, पीओ मागून येईल’ असं कुणी कितीही गोड बोललं तरी नाही.

पहिलं काम घ्यायच्या आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं, पैसे घेणाऱ्या एजंटची गरज नाही. एकट्याने सेवा देणारी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. या नोंदणीचा फायदा पैसे अडकले की कळतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागू होतं, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. अकाउंट्सवाले तो बघतात आणि मार्च जवळ आला की स्वतःहून फोन करतात. हा नियम आल्यापासून माझी बिलं लवकर सुटायला लागली आहेत.

कंपनी टीडीएस कापेल. कुणी काँट्रॅक्टचं काम धरून १ टक्का, कुणी तांत्रिक सेवा म्हणून २, कुणी प्रोफेशनल फी म्हणून १०. घाबरू नका, ते तुमच्या पॅनवर जमा होतं, रिटर्न भरलं की हिशेबात मिळतं. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कुणी ‘जीएसटी नंबर नाही तर काम नाही’ म्हणालं तर तो त्या कंपनीचा नियम असतो, कायदा नव्हे.

फसवणुकीबद्दल मात्र सावध राहा. काम देण्यासाठी नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणारा शंभर टक्के चोर. पहिल्याच मेसेजमध्ये टेलिग्रामवर बोलावणाराही तसाच. डेटा एंट्रीच्या नावाखाली करार करून घ्यायचा आणि नंतर ‘चुका निघाल्या, दंड भरा, नाहीतर केस करतो’ म्हणून धमकावायचं, हा प्रकार आपल्या भागात अनेक घरांना भोगावा लागलाय. अशा वेळी पैसे भरू नका, १९३० वर फोन करा. आणखी एक सभ्य दिसणारी फसवणूक आहे: ‘सॅम्पल म्हणून हा एक पार्ट करून दाखवा.’ तो सॅम्पल म्हणजे त्यांचं खरं कामच असतं. तुमच्याकडे तीन नमुने तयार आहेत, तेच पाठवा. त्यावरही समाधान नसेल तर छोटं काम पैसे घेऊन करा.

पहिलं काम मिळालं की ट्रायलला नक्की जा, तिकिटाचे पैसे खिशातून गेले तरी. सकाळी रेल्वेने संभाजीनगरला जाऊन त्याच दिवशी रात्री परत परभणीला येता येतं. वेल्डरला विचारा, पार्ट लावताना-काढताना हात कुठे अडकतो. जे सांगेल ते तिथेच लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सुधारित ड्रॉइंग पाठवा. पहिली बॅच पास झाल्यावर त्या मॅनेजरकडे लिंक्डइनवर रेकमेंडेशन मागा, आणि मागताना ‘कुठल्या प्रकारचं फिक्श्चर होतं, वेळेत मिळालं का, ट्रायलला काय झालं, एवढंच लिहा सर’ असं सांगा. ‘हार्डवर्किंग आणि सिन्सिअर’ अशा ओळी कुणी वाचत नाही. ‘ट्रायलला स्वतः आल्या, दुसऱ्या दिवशी बदल दिले’ ही ओळ वाचून पुढचा टूलरूमवाला फोन उचलतो.